पाच एकर वरकस आणि आठ फेऱ्यांचे तेल

राजापूर तालुक्यातील एका वाचकांचे सहा पानी पत्र या वेळी उत्तरासाठी घेतले आहे. हे गृहस्थ ३१ वर्षे एसटीत चालक होते. त्यांचा मुलगा रसायनशास्त्राचा पदवीधर असून कारखान्यातील नोकरी सोडून गावी जैवइंधनाचा उद्योग उभारण्याचे त्याने ठरवले आहे. एका कंपनीचा प्रतिनिधी गावात दोनदा येऊन गेला. पाच एकर वरकस (हलक्या, कातळाच्या) जमिनीत करंज आणि ‘सुधारित’ मोगली एरंड (जट्रोफा) ही तेलबियांची झाडे जैवडिझेलसाठी लावावीत, ३० वर्षांचा करार करावा, बी कंपनीच विकत घेईल, रोपांचे व नोंदणीचे मिळून २ लाख ८० हजार रुपये मात्र आधी भरावेत, असा त्याचा प्रस्ताव आहे. शिवाय बागेत दरवर्षी कुजून जाणाऱ्या काजूच्या बोंडांपासून इथेनॉल काढण्याचाही मुलाचा विचार आहे. “रिफायनरीवरून आमच्याकडे घराघरांत दोन तट पडले. आता पोरगा म्हणतो, नको म्हणालो ना, मग पर्याय आपणच उभा करू. त्याचा धाकटा काका म्हणतो, बॅटरीच्या गाड्या आल्या, तेलाचे दिवस संपले. आमच्या मंडळींचे म्हणणे एवढेच, की काजूच्या एकाही झाडाला कोयता लावायचा नाही. निवृत्तीच्या वेळी हातात आलेले पैसे मी यात घालावेत का?” असे ते विचारतात.

स. न. वि. वि.

पैशांचे उत्तर आधी देतो, म्हणजे पुढचे सगळे तुम्हाला शांतपणे वाचता येईल. करारावर सही करू नका आणि ते २ लाख ८० हजार भरू नका. मात्र मुलाला उलट पावली मुंबईला धाडण्याचीही घाई करू नका, कारण त्याच्या डोक्यात जे आहे त्यातला एक भाग चांगला चालण्यासारखा आहे. तो तुमच्या वरकसात नसून महामार्गावरच्या हॉटेलांच्या मागच्या दाराशी आहे, एवढेच.

मोगली एरंडाविषयी मी थोडे कडवट लिहितो आहे असे वाटले, तर त्याचे कारण घरातले आहे. २००३ मध्ये नियोजन आयोगाच्या समितीने देशात एक कोटी हेक्टरांहून अधिक जमिनीवर ही झाडे लावून २०११-१२ पर्यंत डिझेलमध्ये २० टक्के जैवडिझेल मिसळण्याचे चित्र मांडले, आणि त्यानंतरची काही वर्षे कोकणातल्या तालुक्यांतून रोपे विकणाऱ्यांची अक्षरशः रीघ लागली होती. माझ्या चुलत्यांनी दापोली तालुक्यातल्या आमच्या सामाईक सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, दोन एकरांत ती लावली. बी विकत घेण्याची लेखी हमी एका संस्थेने दिली होती. पाचव्या वर्षी तीन पोती काळे बी जमले, तोवर त्या संस्थेच्या कार्यालयाला कुलूप लागले होते. ती पोती आमच्या पडवीत दोन पावसाळे राहिली, त्यांना खवट वास सुटला, आणि अखेर चुलत्यांनी ती खतखड्ड्यात रिकामी केली. झाडे मात्र अजून आहेत. गुरे त्यांना तोंड लावत नाहीत, म्हणून कुंपणाला ती उत्तम आहेत, आणि आमचे आजोबा त्यांना त्याच कामापुरते ओळखत होते.

हे केवळ आमच्या घरचे दुर्दैव नव्हते. मोगली एरंड पडीक जमिनीत जगतो हे खरे, पण जगणे निराळे आणि भरभरून बी देणे निराळे. चांगले बी हवे असेल तर त्याला चांगली माती, खत आणि पाणी लागते, आणि ते सगळे द्यायचेच तर त्या जागी काजू किंवा आंबा का लावू नये, याचे उत्तर कोणापाशी नव्हते. २००९ च्या जैवइंधन धोरणाने पुन्हा २०१७ पर्यंत २० टक्क्यांचे लक्ष्य ठेवले. २०१८ च्या धोरणात डिझेलसाठी ते २०३० पर्यंत ५ टक्के झाले, आणि प्रत्यक्षात देशातल्या डिझेलमधले जैवडिझेलचे प्रमाण अजून एक टक्क्याच्याही खाली आहे.

आता तुमच्या पाच एकरांचा हिशेब तुमच्याच भाषेत मांडतो. पाच एकर म्हणजे साधारण दोन हेक्टर. झाडे पूर्ण वयाची झाल्यावर, आणि सगळे मनासारखे घडल्यावर, हेक्टरी दोन टन बी धरू. कातळावरच्या वरकसात हा आकडा मी उदार होऊन धरला आहे. चार टन बियांतून घाण्यावर शेकडा २८ च्या हिशेबाने अकराशे-बाराशे किलो तेल, म्हणजे सुमारे बाराशे लिटर मिळेल. राजापूर ते मुंबई ३८० किलोमीटर, आणि एसटी लिटरला पाच किलोमीटर चालते असे धरले तर एका वेळच्या जाण्यायेण्याला दीडशे लिटर डिझेल लागते. तुमच्या पाच एकरांचे वर्षभराचे तेल मुंबईच्या आठ फेऱ्यांत संपते. त्यातही पहिली पाच वर्षे फारसे काही मिळणार नाही, बी वेचण्याची मजुरी तुमची, आणि करार ३० वर्षांचा. सातबाऱ्यावर तुमच्याखेरीज चुलत्यांची आणि आत्यांची नावे असतीलच. त्या सगळ्यांच्या सह्या गोळा करून जमीन एका पिढीपुरती बांधून टाकायची, ती या आठ फेऱ्यांसाठी.

काजूच्या बोंडांची गोष्ट अधिक मोहात पाडणारी आहे, हे मी मान्य करतो. एप्रिलमध्ये बागेत झाडाखाली तो लाल-पिवळा सडा पडलेला असतो, बी पिळून काढून बोंडू तिथेच टाकलेला असतो, तिसऱ्या दिवशी आंबूस वास सुटून त्यावर केमरे घोंघावू लागतात, आणि हे सगळे वाया जाते म्हणून प्रत्येक हुशार मुलाचा जीव हळहळतो. गोव्यात त्याच बोंडांची फेणी होते, म्हणजे त्यात मद्यार्क होण्याइतकी साखर आहे हे उघडच आहे. मग अडते कुठे? एक टन बोंडांतून साडेसहाशे किलोच्या आसपास रस निघतो, त्यात साखर दहा टक्क्यांच्या मागेपुढे, म्हणजे ६५ किलो. आणि साध्या व्यवस्थेत त्यातून पस्तीसएक लिटर इथेनॉल हाती लागते. तेल कंपन्यांनी इथेनॉलला अलीकडच्या हंगामांत दिलेले भाव कच्च्या मालाप्रमाणे साधारण ५६ ते ७२ रुपये लिटरच्या दरम्यान आहेत. म्हणजे टनभर बोंडांचे दोन-अडीच हजार रुपये झाले. त्यातून वेचणाऱ्या बायकांची मजुरी, टेम्पोचे भाडे, रस काढण्याचा आणि ऊर्ध्वपातनासाठी लागणाऱ्या जळणाचा खर्च वजा करा, आणि बोंडू दुसऱ्या दिवशी नासतो हेही लक्षात घ्या. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने काढलेल्या जातींनी काजूचे उत्पन्न वाढवले, पण हंगाम दोन-अडीच महिन्यांचाच राहिला. उरलेले नऊ-दहा महिने यंत्रे बंद आणि कर्जाचे व्याज चालू.

त्यापुढे तांत्रिक अडचण आहे, ती तुमचा मुलगा लगेच समजेल. साध्या ऊर्ध्वपातनाने मद्यार्क साडेपंचाण्णव टक्क्यांच्या पुढे शुद्ध होत नाही. पेट्रोलमध्ये मिसळायचा तर तो साडेनव्व्याण्णव टक्क्यांहून अधिक कोरडा असावा लागतो, आणि त्यासाठीची यंत्रणा परसात बसवण्यासारखी नाही. शिवाय महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा लागू असल्यामुळे परवान्याशिवाय मद्यार्क गाळणे हा गुन्हा आहे, मग तो गाडीत घालण्यासाठी का असेना. बोंडांचे सरबत, सिरप किंवा गुरांचे खाद्य करण्याचा विचार जरूर करा, पण त्याचा इंधनाशी संबंध जोडू नका.

इथेनॉलचा उद्योग देशात वाढला नाही असे मी म्हणत नाही. २०१३-१४ मध्ये पेट्रोलमध्ये दीड टक्का मिसळले जाणारे इथेनॉल २०२५ मध्ये २० टक्क्यांवर गेले, तेही २०३० चे मूळ लक्ष्य अलीकडे ओढून. ही लहान गोष्ट नव्हे. ते झाले घाटावर. कोल्हापूर, सांगली, सोलापूर, नगर या पट्ट्यात ऊस पिढ्यान्‌पिढ्या कारखान्याच्या गव्हाणीपर्यंत येऊन पडत होता, मळी एकाच जागी जमत होती, तिथे मद्यार्क गाळणारी आसवनी उभी राहिली. वैभववाडीकडचा थोडा ऊससुद्धा घाट चढून गगनबावड्याच्या बाजूला जातो, इकडे त्याच्यासाठी काही उभे राहत नाही. ब्राझीलने १९७५ मध्ये इथेनॉलचा कार्यक्रम सुरू केला तोही साखर कारखान्यांच्याच जोरावर. आणि इतके सगळे असूनही डिसेंबर २०२३ मध्ये साखर कमी पडेल या भीतीने केंद्र सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर एका आदेशाने बंदी आणली, आणि आठवडाभरात ती अंशतः सैल केली. मोठे कारखाने असा झटका सोसतात. निवृत्तीच्या पैशांवर उभ्या केलेल्या धंद्याला तो सोसत नाही.

म्हणून माझा सगळा भर एका गोष्टीवर आहे. जैवइंधनात रसायनशास्त्र सोपे असून गोळा करणे अवघड आहे, आणि जो माल आधीच कोणीतरी एका जागी जमवून ठेवला आहे तिथूनच या धंद्याला सुरुवात करावी. कोकणपट्टीत असा माल म्हणजे तळणीचे वापरलेले तेल.

त्यामागे कायद्याचा आधारही आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून तळणीच्या तेलातील ध्रुवीय संयुगांवर (तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने त्यात वाढणाऱ्या द्रव्यांवर) २५ टक्क्यांची मर्यादा घातली. ती ओलांडलेले तेल पुन्हा खाण्यात वापरायचे नाही, आणि ते जैवडिझेलकडे वळवण्यासाठी त्याच वर्षी एक स्वतंत्र उपक्रम सुरू झाला. दिवसाला ५० लिटरहून अधिक तेल वापरणाऱ्यांना त्याची नोंद ठेवणे २०१९ पासून बंधनकारक आहे. आपल्याकडची बहुतेक हॉटेले त्या ५० लिटरांच्या आतली, त्यामुळे त्यांच्याकडे कोणी विचारायला जात नाही, आणि काळे झालेले तेल गटारात तरी जाते किंवा कमी भावात पुढच्या गाडीवाल्याकडे तरी जाते. ही दुसरी वाट तुमच्या मुलाची खरी स्पर्धक आहे, हे त्याला सांगा.

गेल्या मे महिन्यात हातखंब्याच्या तिठ्याजवळच्या एका हॉटेलात मी मुद्दाम स्वयंपाकघराच्या मागे जाऊन उभा राहिलो. १५ किलोच्या तेलाच्या रिकाम्या डब्यात जुने तेल ओतून ठेवले होते. वर पातळ, तपकिरी आणि खाली चार बोटे गाळ, त्यात वड्याचा चुरा, मिरचीच्या बिया आणि पावसाचे नव्हे, पण मोरीतले पाणी. आचाऱ्याने सांगितले की बटाटेवडे आणि भजी यांची कढई खरी तेल टाकते. सुरमई आणि पापलेट तव्यावर तळतात, तिथे उरतेच किती, आणि जे उरते त्यात रवा आणि मसाला जळालेला असतो. तुमच्या मुलाला यातून दोन गोष्टी शिकता येतील. मालवण-तारकर्लीच्या मासळीच्या खानावळींपेक्षा फरसाणवाले, वडापावच्या गाड्या, महामार्गावरची मोठी हॉटेले, गणपतीपुळ्याची भक्तनिवासे आणि वसतिगृहांचे भटारखाने हे त्याला तेल पुरवणारे आहेत. आणि डबा त्याने स्वतःचा द्यावा, झाकणाचा, म्हणजे पाणी शिरणार नाही. पाणी आणि गाळ जितका कमी, तितका पुढे भाव बरा.

चाळीस ठिकाणे आणि प्रत्येकी आठवड्याला पाच लिटर एवढेच धरून चाला. आठवड्याला दोनशे लिटर झाले. जून-जुलैत पर्यटक नसतात, मासेमारीही बंद असते, तेव्हा निम्मेही मिळणार नाही. गणपती आणि दिवाळीत दुप्पट मिळेल. सगळी तूट धरूनही वर्षाला सात हजार लिटर कुठे गेले नाहीत, आणि वापरलेल्या तेलाचे जैवडिझेल जवळजवळ लिटरास लिटर होते. तुमचे पाच एकर पाच वर्षांनी बाराशे लिटर देणार होते. गोळा करणारा टेम्पो एका फेरीत १२० किलोमीटर फिरला तरी आठ लिटर डिझेल जाळील.

हे तेल त्याने स्वतः शिजवू नये, निदान पहिली दोन-तीन वर्षे. तेलात मिथेनॉल आणि थोडा कॉस्टिक सोडा घालून तापवले की जैवडिझेल वर येते आणि ग्लिसरीन खाली बसते, हे त्याने महाविद्यालयात चंचुपात्रात केलेही असेल. पण मिथेनॉल विष आहे, त्याच्या ज्वाळा उजेडी नीट दिसत नाहीत, साठ्याला परवाना लागतो, आणि जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत त्याच द्रव्याने शंभराहून अधिक माणसे दगावली हे विसरण्यासारखे नाही. एक पिंप कोणाच्या हाती चुकीच्या समजुतीने गेले तरी घर बसते. त्याने नोंदणीकृत संकलक व्हावे, तेल गाळून, पाणी बसवून, परवानाधारक उत्पादकाला विकावे, आणि भाव लेखी घ्यावा. मागणी वाढत जाईल असे मला वाटते, कारण विमानांच्या इंधनातही आता हेच तेल मागितले जात आहे; आपल्या सरकारने आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी २०२७ मध्ये १ टक्का आणि २०२८ मध्ये २ टक्के मिश्रणाचे लक्ष्य ठेवले आहे.

तुमच्या धाकट्या भावाचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. कोकण रेल्वे २०२२ मध्ये पूर्ण विजेवर गेली, दुचाकी आणि रिक्षा त्याच वाटेने जातील, आणि त्यांच्यासाठी एरंड लावत बसण्यात अर्थ नाही. पण साखरीनाट्याचा ट्रॉलर आठवडाभर समुद्रात राहतो, आंबा घाट चढणारा मालट्रक २० टन घेऊन चढतो, त्यांना बॅटरी परवडायला अवकाश आहे. पातळ इंधन तिथे लागत राहील, आणि देशाला वर्षाला साधारण नऊ कोटी टन डिझेल लागते हे पाहता त्यातला काही हिस्सा तळणीच्या तेलाने, काही शेणाच्या वायूने, काही विजेने भरेल. कोणा एकाने ते सगळे भरून निघणार नाही. घरच्या गोबरगॅसमध्ये कुडाळ-झाराप भागाने जे काम केले आहे ते मुलाला दाखवून आणा. ते गाडीचे इंधन नसले तरी गोळा करण्याचे अंतर शून्य ठेवले की काय साधते, हे तिथे दिसते.

ट्रॉलरवरून आठवले. मुलगा कोठून तरी शुद्ध जैवडिझेल आणून नातेवाइकांच्या बोटीत घालून पाहील, अशी मला शंका आहे. तसे करू देऊ नका. आपल्या डिझेलच्या मानकात सात टक्क्यांपर्यंत जैवडिझेल चालते, तेवढ्याने काही होत नाही. शुद्ध जैवडिझेल मात्र जुन्या टाकीतला वर्षानुवर्षांचा गाळ सोडवते आणि तो फिल्टरमध्ये नेऊन बसवते, जुन्या रबरी नळ्या फुगवते, आणि खाऱ्या हवेत पाणी धरते. ऐन समुद्रात फिल्टर तुंबून इंजिनाने एअर धरली तर काय होते, हे तुम्हाला मी सांगायला नको. आणि कच्चे तेल, मग ते करंजाचे असो की शेंगदाण्याचे, ते तर नकोच. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात डिझेलचे इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवले होते हे खरे, पण ते तेल डिझेलच्या दहापट दाट असते आणि आजच्या नोझलांवर काजळी धरून त्यांचे वाटोळे करते. ३१ वर्षांत तुम्ही किती नोझल काढून साफ करवून घेतले असतील, ते त्याला एकदा सविस्तर सांगा. हा धडा त्याला महाविद्यालयात मिळालेला नाही.

पैशांबद्दल शेवटचे. टाक्या, गाळण्या, वजनाचा काटा, जुना टेम्पो आणि परवाने एवढ्यापुरते, तुमच्या एकूण पुंजीच्या पाचव्या हिश्श्याहून अधिक नाही, असे द्या, आणि ते उसने म्हणून द्या. टेम्पो आधी भाड्याने घेऊन एक गणपतीचा हंगाम काढावा आणि मग विकत घेण्याचे बोलावे. मंडळींचे म्हणणे शंभर टक्के खरे आहे: काजूला कोयता लावू नका.

वरकसात काही लावायचीच हौस असेल तर माणगा बांबू लावा, पण काठी विकण्यासाठी. आसाममध्ये बांबूपासून इथेनॉल करणारा कारखाना उभा राहिला असला तरी तिथवर तुमची काठी जाणार नाही, आणि इथे काठीला बाजार आहे. गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) कडेने, खाडीच्या बाजूला उंडी लावा. आमची आजी उंडीची गोट्यांसारखी फळे वटवाघळांनी खाऊन टाकली की पहाटे झाडाखालून पाटीत वेचून आणी, आणि त्याच्या हिरवट, कडू तेलावर पडवीतला दिवा जळे. त्या तेलात आम्ल फार, जैवडिझेल करायला ते तेल दोनदा शिजवावे लागते, म्हणून त्यावर धंदा बांधू नका. पण खारा वारा अडवायला त्यासारखे झाड नाही, आणि उद्या कोणी बी विकत मागितलेच तर ते दारात असेल. उंडीचे बी टरफलासकट पेरले तर महिनोन्‌महिने वर येत नाही. दगडाने हलकेच टिचकवून, आतला गर न दुखवता, आगोटीच्या, म्हणजे पावसाळा लागण्याच्या, आधी पिशव्यांत लावावे.